रथ कोणता, सारथी कोण

विंटेज गाडी आणि आजची हायब्रिड एसयूव्ही यांची तुलना वेग, मायलेज, सुरक्षितता आणि धूर या मापांनी केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. प्रत्येक मापात नवी गाडी पुढे आहे. तरीही जुन्या गाडीसाठी माणसे आयुष्याची कमाई खर्च करतात, आणि नव्या गाडीवर तसा जीव सहसा जडत नाही. हे निव्वळ स्मरणरंजन म्हणून सोडून देता येत नाही. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या की तत्त्वज्ञानातले दोन जुने प्रश्न समोर येतात. सुट्या भागांची बनलेली वस्तू काळाच्या ओघात ‘तीच’ राहते ती कशामुळे? आणि तिला चालवणारा नेमका कोण?

भारतीय परंपरेत हे दोन्ही प्रश्न रथाच्या आधारे विचारले गेले. कठोपनिषदात आत्मा हा रथात बसलेला रथी, शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हे लगाम आणि इंद्रिये हे घोडे आहेत. तिथला प्रश्न नियंत्रणाचा आहे: लगाम सैल पडले तर रथी पोहोचायचा तिथे पोहोचत नाही. दुसरा रथ पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात येतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला इंडो-ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात नागसेन राजाला विचारतो की तू इथवर रथाने आलास, तर रथ दाखव. आस हा रथ का? चाके हा रथ का? जू, दांडी, सांगाडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. या सगळ्यांपलीकडे वेगळे असे काही आहे का? त्यालाही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की हे भाग एका विशिष्ट रचनेत आले म्हणजे ‘रथ’ हे नाव वापरले जाते. नागसेनाला व्यक्तीबद्दल हेच म्हणायचे होते.

आधी सारथ्याचा प्रश्न घ्यावा, कारण तो दोन यंत्रांच्या अंतरंगात थेट दिसतो.

फोर्ड मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर तयार झाली. तिच्यात अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल नाही. स्टिअरिंगखाली दोन खटके आहेत: उजवा इंजिनाला मिश्रण किती द्यायचे ते ठरवतो, डावा ठिणगी कधी पडावी ते. हँडल मारण्यापूर्वी ठिणगी मागे घ्यावी लागते. तसे केले नाही तर इंजिन उलटा झटका देते आणि मनगट मोडते. गाडी चालू झाली की ठिणगी हळूहळू पुढे आणायची, इंजिनाच्या आवाजावरून अंदाज घ्यायचा, चढावर पुन्हा मागे घ्यायची. पेट्रोल टाकीतून केवळ उतारामुळे इंजिनाकडे येत असल्याने टाकी अर्धी असताना तीव्र चढ लागला तर गाडी फिरवून उलटी चढवावी लागे. पायाशी तीन पेडल: डावे वेगाचे, मधले मागे जाण्याचे, उजवे ब्रेकचे. त्यांनी गिअरबॉक्समधले पट्टे आवळले जातात. हा गिअरबॉक्स ग्रहमालेसारख्या दात्यांच्या चाकांचा असतो: मधोमध एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके. कोणते चाक थांबवायचे आणि कोणते मोकळे सोडायचे हे चालकाचा पाय ठरवतो.

हीच ग्रहमालेची रचना टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांच्या पोटात आहे. १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या प्रियसपासून भारतातल्या इनोव्हा हायक्रॉसपर्यंत तिचे तत्त्व बदललेले नाही. मधल्या चाकाला एक लहान मोटर-जनित्र, छोटी चाके धरणाऱ्या चौकटीला पेट्रोल इंजिन, आणि बाहेरच्या कड्याला मोठी मोटर व गाडीची चाके जोडलेली असतात. लहान जनित्राचा वेग बदलला की इंजिनाची किती ताकद थेट चाकांकडे जाईल आणि किती विजेत रूपांतरित होईल हे बदलते. क्लच नाही, गिअरच्या पायऱ्याही नाहीत. कोणते चाक किती फिरेल याचा निर्णय संगणक सेकंदाला अनेकदा घेतो. चालकाचा पाय पेडलवर पडतो तेव्हा इंजिनाला आज्ञा जात नाही, संगणकाकडे विनंती जाते. ब्रेक दाबला तरी किती थांबवणे मोटरने करायचे आणि किती ब्रेकच्या चकत्यांनी, हे तोच वाटून देतो.

दोन्ही यंत्रांची मूळ कल्पना जवळजवळ सारखी आहे. जुन्या-नव्याचा फरक त्यामुळे यंत्राच्या हुशारीत शोधायचा नाही. हायब्रिड ही कल्पना तर फोर्डच्या मॉडेल टीपेक्षाही जुनी आहे: फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० मध्येच पेट्रोल इंजिनावर वीज तयार करून चाकांतल्या मोटरींनी चालणारी गाडी बनवली होती. ती मागे पडली, याचे एक कारण असे की दोन शक्तींचा मेळ क्षणोक्षणी घालू शकेल असा सारथी तेव्हा उपलब्ध नव्हता. माणसाचा हात त्या कामाला फार संथ आहे.

कठोपनिषदाच्या रूपकाशी ताडून पाहिले तर मॉडेल टीचा चालक रथी आणि सारथी दोन्ही आहे. यंत्राची समज त्याच्या कानात, मनगटात, पायात असते आणि ती चुकली तर शिक्षा त्यालाच भोगावी लागते. हायब्रिडमध्ये ही दोन पदे वेगळी होतात. तसे उपनिषदातही रथी आणि सारथी वेगळे आहेत, पण तिथली बुद्धी रथ्याच्या अंतरातली आहे. ती कशी विचार करते हे त्याला निदान साधनेने जाणता येते. हायब्रिडमधली बुद्धी दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या देशात, गाडी विकली जाण्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेली असते. रथी तिच्याशी बोलू शकत नाही, तिला शिकवू शकत नाही, ती एखाद्या क्षणी इंजिन का सुरू करते हेही त्याला बहुधा सांगता येत नाही. त्याला दिसतो तो पडद्यावरचा बाण: ऊर्जा बॅटरीकडे चालली आहे की चाकांकडे.

यावरून जुने ते नैतिकदृष्ट्या थोर असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संयम हा गुण मानला तर तो ज्याने पाळला त्याचा गुण असतो. हायब्रिडचा संगणक पेट्रोल वाचवतो तेव्हा चालक संयमी झाला असे होत नाही. पण रस्त्याकडेला चालणाऱ्या मुलाच्या फुप्फुसाला चालकाच्या गुणाशी काही देणेघेणे नसते. विंटेज गाड्यांना धूर शुद्ध करणारी यंत्रणा नव्हती. इंजिन ठोके देऊ नये म्हणून १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्यास सुरुवात झाली, आणि भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद होईपर्यंत ते शिसे हवेत आणि रक्तात साठत राहिले. सीटबेल्ट नव्हते, अपघातात स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या छातीत घुसे. कुशल सारथ्याचा आनंद खरा होता, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यातले बहुतेक लोक त्या रथात बसलेले नव्हते. ज्या नीतिविचारात कर्त्याच्या अंतःकरणाइतकेच परिणामालाही स्थान आहे, त्यात नव्या गाडीचे पारडे जड आहे आणि ते तसे मान्य केले पाहिजे.

रथाचा, म्हणजे अस्मितेचा प्रश्न मात्र असा सरळ सुटत नाही. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण लंडनच्या न्यायालयात सापडते.

‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटलीची स्पीड सिक्स. फ्रान्समधली ले माँची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ मध्ये वुल्फ बर्नाटो आणि टिम बर्किन यांच्या हाती जिंकली, १९३० मध्ये बर्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांच्या हाती पुन्हा जिंकली. नंतर ब्रुकलँड्सच्या शर्यतींसाठी तिच्यात मोठे बदल झाले, आठ लिटरचे इंजिन बसले. १९३२ मध्ये तिथेच ती धावपट्टीच्या कडेवरून खाली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. तिची पुन्हा बांधणी झाली, बंदिस्त कूपे म्हणून ती काही काळ वापरात राहिली, मग मालक बदलत गेले. १९९० मध्ये ती सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. खरेदीदार कंपनीने मग हरकत घेतली: ही ती गाडीच नव्हे.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांनी गाडीचा एकेक भाग तपासून मांडला, अगदी नागसेनाने राजापुढे मांडावा तसा. १९२९ च्या गाडीतले खात्रीने सांगता येईल असे जवळजवळ काहीच शिल्लक नव्हते. १९३० च्या गाडीतले मोजके भाग होते: पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा खांब. तरी निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गाडीला मूळ अवस्थेतली म्हणता येणार नाही. पण ती अस्सल आहे, कारण तिचा इतिहास कुठेही तुटलेला नाही. बदल होत गेले ते एकाच गाडीत, एकामागून एक, शर्यतीच्या गरजेपोटी. ती मोडून दुसरीकडे नवी उभी केली असे कधी झाले नाही. म्हणून ती प्रतिकृती नाही आणि पुनर्निर्मितीही नाही.

हा निवाडा ‘मिलिंदपञ्ह’मधल्या दुसऱ्या एका उत्तराच्या फार जवळ जातो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का, असे नागसेन विचारतो. एकच नाही, आणि वेगळीही नाही: एकीच्या आधाराने दुसरी पेटलेली आहे. बौद्ध विचारात यालाच संतान, म्हणजे अखंड प्रवाह म्हणतात. न्यायमूर्तींनी गाडीला दिलेली अस्सलता ही अशा प्रवाहाची अस्सलता आहे.

न्याय-वैशेषिक दर्शनाचा निकाल वेगळा झाला असता. या मतात अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी आहे. ती अवयवांत समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने राहते. बौद्धांवर त्यांचा आक्षेप रास्त आहे: पूर्ण वस्तू नुसते नाव असेल, तर एक टोक ओढताच सगळी वस्तू कशी येते? मात्र या मताची किंमत मोठी आहे. वस्त्रातला एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे खंडवस्त्र जन्मते असे त्यांना मानावे लागते. मग प्रत्येक टायर बदलताना जुनी गाडी संपते आणि नवी जन्मते, आणि ‘हीच ती’ ही ओळख साम्यामुळे होणारी समजूत ठरते. तर्काला हे चालेल. पण ज्या जगात मालकी, कर्ज, विमा आणि अपघाताची जबाबदारी वस्तूच्या मागोमाग चालते, तिथे ते चालवता येणार नाही. जैन दर्शनाने उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाश पावणे आणि टिकून राहणे, ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी मानली, आणि ‘ओल्ड नंबर वन’पुढे ही मांडणी सर्वांत प्रामाणिक वाटते: पर्याय, म्हणजे अवस्था, बदलले, द्रव्य टिकले. फक्त इथे द्रव्य कोणते, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

ग्रीक परंपरेत प्लुटार्कने, फळ्या एकेक करून बदलत गेलेल्या थेसिअसच्या जहाजाबद्दल हाच वाद नोंदवला. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सने त्यात भर घातली: बदललेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या व्यवहारात हा केवळ कल्पनेतला पेच राहिलेला नाही. एका गाडीची चॅसी एकाकडे, मूळ इंजिन दुसऱ्याकडे, आणि दोघेही उरलेली गाडी नव्याने बांधून एकाच क्रमांकावर हक्क सांगतात, असे वाद या क्षेत्रात होत आले आहेत.

अशा वादांमागे धातूबद्दल एक श्रद्धा आहे आणि ती धार्मिक श्रद्धेच्याच जातीची आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळचा स्तूप उकरला तेव्हा आतल्या करंडकांत सोन्याची फुले आणि मातीच्या पात्राचे तुकडे मिळाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. तुकडा कितीही लहान असो, त्याने त्या हाताचा स्पर्श अनुभवला आहे, यातच त्याचे मोल. ले माँला धावलेल्या गाडीचा पेडलचा दांडा याच न्यायाने मोलाचा होतो. विंटेज गाडीचा संग्राहक जुना रंग घासायला कचरतो, झिजलेले चामडे बदलत नाही, कारण बदलले की स्पर्शाची साखळी तुटते.

पण पावित्र्याची दुसरीही रीत आहे, आणि तिचे मोठे उदाहरण पुन्हा रथाचेच आहे. पुरीला जगन्नाथाच्या यात्रेसाठी तिन्ही रथ दरवर्षी नव्या लाकडाचे बांधतात. बांधणी अक्षय्य तृतीयेला सुरू होते. जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा, सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा. यात्रा झाली की रथ मोडले जातात. पुढच्या वर्षीच्या नंदिघोषात गेल्या वर्षीच्या नंदिघोषाचे लाकूड असण्याची गरज कोणाला वाटत नाही. माप, नाव, चाकांची संख्या, बांधणाऱ्या सुतारांचा परंपरागत हक्क आणि विधी यांनी तो रथ तोच राहतो. सोपाऱ्याच्या करंडकात द्रव्य सर्वस्व आहे, पुरीच्या रथात ते दरवर्षी नवे येते.

हायब्रिड एसयूव्ही वरवर पाहता दुसऱ्या जातीची आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या हजारो गाड्यांपैकी कोणत्या गाडीचा बंपर कोणत्या गाडीला लागला याने काही फरक पडत नाही. बॅटरीचे आयुष्य मर्यादित असते. टोयोटा भारतात हायब्रिड बॅटरीवर आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देते, म्हणजे केव्हातरी ती बदलणार हे उघड आहे. बदलली म्हणून गाडी दुसरी झाली असे मालकाला वाटत नाही. इथे द्रव्य दुय्यम आणि रचना मुख्य. आणि रचनेचा गाभा असतो आज्ञावलीत. बॅटरी, इंजिन, ब्रेक, कुलूप यांचे नियंत्रक एकमेकांना ओळखतात, आणि काही नियंत्रक नुसते दुसऱ्या गाडीतून काढून बसवले तर ओळख पटवल्याशिवाय काम करत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतील १५६ वा नियम आज्ञावलीच्या बदलांविषयी आहे. त्यात मान्यतेशी संबंधित आज्ञावलीला स्वतःचा ओळख क्रमांक देण्याची तरतूद आहे. गाडीचे ‘असणे’ चॅसीवर कोरलेल्या आकड्यापुरते उरलेले नाही, हे कायद्यानेच मान्य केल्यासारखे आहे.

पुरीशी असलेले साम्य मात्र इथे थांबते. नंदिघोषाची रचना सुतारांच्या हातात आणि स्मरणात असते. ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते, आणि म्हणूनच लाकूड कुजले तरी रथ मरत नाही. मॉडेल टीचीही गोष्ट तीच. तिचा एकही मूळ भाग मिळाला नाही तरी चांगला मेस्त्री तो भाग लेथवर वळवू शकतो, कारण तो काय करतो हे पाहून कळते. हायब्रिडची रचना बंद आहे. ती निर्मात्याच्या मालकीची, कुलूपबंद आणि सामान्य माणसाला न वाचता येणारी आहे. निर्मात्याने तिची देखभाल थांबवली तर भाग शाबूत असूनही त्यांना एकत्र बांधणारे काही उरणार नाही. नागसेनाच्या भाषेत, सगळे अवयव समोर असतील आणि रथ हे नाव मात्र लावता येणार नाही. विंटेज गाडीचा जीव तिच्याबाहेर, माणसांत आहे, म्हणून ती शंभर वर्षांनीही पुन्हा उभी राहते. हायब्रिडचा जीव तिच्या आतच आहे, आणि टिकाऊपणाच्या दृष्टीने ती तिची सर्वांत कमकुवत बाजू आहे.

कायद्याने या प्रश्नाला अजून हात घातलेला नाही. भारतात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण होते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. अट अशी की ती मूळ रूपात जपलेली असावी, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत. २०२२ मध्ये रस्त्यावर आलेली हायब्रिड गाडी या व्याख्येत २०७२ नंतर बसेल, आणि तोवर तिची बॅटरी अनेकदा बदललेली असेल. तिच्या आज्ञावलीचे मूळ रूप कोणते धरायचे, विक्रीच्या दिवशीचे की शेवटच्या दुरुस्तीचे, आणि ते जपण्याची जबाबदारी मालकाची की निर्मात्याची, याबद्दल त्या अटीत काही म्हटलेले नाही.